विचारा की! : बाळ आधी 'बाबा'च का म्हणतं, आणि बाकीची भांडणं

मागच्या अंकात शेवटच्या पानावर चार ओळी टाकल्या होत्या, की पोरं बोलायला कशी शिकतात, जगात एवढ्या भाषा कशा काय, यावर काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं पाच-सहा पत्रं येतील. आली भरपूर, पण त्यातली निम्मी भाषेपेक्षा सासू-सुनेचीच जास्त होती, ती बाजूला ठेवली (एक सोडून, ते शेवटी घेतलंय). नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

राजारामपुरीतून एक आई :
नऊ महिने पोटात मी वाढवला, रात्री तीनदा उठते मी, आणि पठ्ठ्याचा पहिला शब्द काय, तर 'बाबा'! दहा महिन्यांचा आहे. नवऱ्यानं गल्लीत पेढे वाटले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. असं का होतं?

ताई, पेढे तुम्हीपण खा, कारण तो 'बाबा' तुमच्या नवऱ्यालाच होता असं काही नाही. पोरं सहा-सात महिन्यांची झाली की बाबाबा, मममम, दादादा असं सुरू होतं, त्याला अर्थ नसतो, तोंड चालवून बघायचं काम असतं ते. ओठ मिटले, आवाज सोडला, उघडले, की झाला 'बा'. प, ब, म हे सगळे ओठांतले, दात नसले तरी जमतात, आणि समोरच्याचे ओठ हलताना दिसतातही. आता 'आई' म्हणून बघा. ओठ कुठं टेकतच नाहीत, नुसते दोन स्वर एकाला एक लागून. आपल्या भाषेनं आईसाठी शब्दच असा धरलाय की बडबडीत तो आपोआप पडत नाही, त्याला बाळ काय करणार.

मोठी माणसं मग त्या बडबडीतनं एखादा तुकडा उचलतात आणि घरातल्या कुणाच्या तरी नावावर जमा करतात. जगभर हेच चालतं, म्हणून एकमेकींशी काही नातं नसलेल्या भाषांतसुद्धा आईबापाचे शब्द म, प, ब, द याच अक्षरांभोवती फिरतात. पण कुठला तुकडा कुणाला मिळेल याची गॅरंटी नाही. जॉर्जियन भाषेत (रशियाच्या खालचा जॉर्जिया, अमेरिकेतला नव्हे) 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. आपल्याकडं मामा म्हणजे तुमचा भाऊ.

नवऱ्याला एक गोष्ट मात्र जरूर ऐकवा. १९८० मध्ये अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग झाला, तोंडात चोखणी दिलेली, एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी लय बदलून बदलून आईचाच आवाज लावून घेतला. पोटात शेवटचे काही महिने तोच तर ऐकलेला असतो. पुढं १९८४ मध्ये बापाच्या आवाजाचंही करून बघितलं. बाळांनी काही खास पसंती दाखवली नाही.

गडहिंग्लजहून एक आजोबा :
सून गोकाकची, बाळाशी कन्नड बोलते. आम्ही मराठी. शेजारच्या मुसलमानांच्या घरात पोरगं दिवसभर असतंय, तिथं त्यांची हिंदी. पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला घालणार. अडीच वर्षांचा आहे, 'आज्जी नीरु दे' म्हणतो, 'ऊटा (जेवण) नको' म्हणतो. पाहुण्यांतले एक शिकलेले म्हणाले, एकच भाषा ठेवा, नाहीतर पोराचं डोकं कन्फ्यूज होईल.

आबा, पाहुण्यांना चहा द्या आणि विषय बदला. 'आज्जी नीरु दे' हे कन्फ्यूजन नाही, त्याला पाणी पाहिजे होतं आणि हाताला जो शब्द आधी लागला तो त्यानं वापरला. तुमच्या गडहिंग्लजच्या बाजारात मोठी माणसं तरी दुसरं काय करतात? थोडे दिवस लक्ष ठेवा, कुणाशी काय बोलायचं हे तो स्वतःच लावून घेईल, आईकडं बघून कन्नड, तुमच्याकडं बघून मराठी, मधेच घसरेल तो भाग वेगळा. दोन-तीन भाषांमुळं बोलणं उशिरा सुरू होतं हे तर बऱ्याच घरांत ठाम मानलेलं असतं, आणि ते खरं नाही. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. नुसते मराठी मोजले तर कमी भरणारच.

उलट लहानपणी कानाला जी सवलत असते ती पुढं राहत नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघांनी १९८४ मध्ये कॅनडात केलेलं काम प्रसिद्ध आहे, आणि मजा म्हणजे त्यात वापरलेले आवाज आपल्या ओळखीचे आहेत, हिंदीतले त आणि ट. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता. त्याच घरांतली दहा-बारा महिन्यांची बाळं घेतली तर बहुतेकांना कळेनासा झाला. म्हणजे घरात जो फरक कधी लागत नाही तो मेंदू वर्षाच्या आत बाजूला टाकतो. आपण हायवेवरचं टोप गाव आणि उडवायची तोप यात कधी गोंधळत नाही, पण त्या बाळांच्या आईबापांना दोन्ही एकच ऐकू आले असते. तुमच्या नातवाला तीन भाषांचे फरक फुकटात मिळतायत, ते कशाला बंद करता.

आणि हे काही तुमच्याच घरात नवीन चाललेलं नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास करून १९७१ मध्ये लिहिलं, तो लेख आज जगभरच्या भाषाशास्त्राच्या पोरांना वाचावा लागतो (आणि आपण कुपवाडला फक्त एमआयडीसीसाठी ओळखतो). जैन घरात कन्नड, मुसलमान घरात उर्दू, कुठं मराठी, थोड्या घरांत तेलुगू, आणि शेकडो वर्षं एकमेकांत रोजचा व्यवहार. त्यांना काय दिसलं, की शब्द सगळ्यांनी आपापले ठेवलेत पण वाक्याची बांधणी हळूहळू एक होत गेलीय, इतकी की एका भाषेतलं वाक्य उचलून शब्दाला शब्द ठेवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. घरची भाषा कुणी सोडली नाही आणि शेजाऱ्याशी बोलायचंही अडलं नाही. आपल्या मराठीत तरी अण्णा, अक्का, अडकित्ता कुठनं आले? पलीकडनंच.

एकच सांगते. सुनेला कन्नड बोलू द्या, आणि अंगाईपण कन्नडच म्हणू द्या. मोडकं मराठी बोलून ती जे देईल त्यापेक्षा ते कितीतरी भारी.

मंगळवार पेठेतून एक आई :
मुलगी साडेतीन वर्षांची. 'मी जातो', 'मी जेवलो' म्हणते, कारण सासूबाई, जावा, मी, सगळ्याच तसं बोलतो. पुण्याची नणंद हसून हसून लोळली. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, घरी भाषा सुधारा. शिवाय ती 'मी करलं', 'आई येली' असंही म्हणते. दोन्ही चुका घालवायच्या कशा?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एकच चूक आहे, आणि ती आपली आपण जाणार आहे.

आधी 'करलं'. मला सांगा, तुमच्या घरात 'करलं' कोण म्हणतं? कुणीच नाही ना? मग तिनं ऐकलं कुठं? कुठंच नाही, तिनं ते स्वतः बनवलं. धरचं धरलं, भरचं भरलं, सरचं सरलं, मग करचं करलंच व्हायला पाहिजे, तिचं बरोबर आहे, चुकलीय ती मराठी. पोरं नुसती पोपटासारखी बोलत असती तर 'करलं' कधीच म्हणाली नसती. म्हणजे तिच्या डोक्यात नियम तयार झालाय आणि आता ती तो सगळीकडं लावत सुटलीय, केलं, गेली, आली, मेला असले आडमुठे शब्द तिला एकेक करून वेगळे लक्षात ठेवावे लागणार, थोडा वेळ लागेल.

जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ मध्ये हेच चार ते सात वर्षांच्या अमेरिकन पोरांवर करून दाखवलं. चित्रात एक काल्पनिक प्राणी, नाव 'वग', आता दोन झाले, काय म्हणशील? पोरांनी बरोबर शेवटी इंग्लिश अनेकवचनाचा 'झ्' लावला, शब्द जन्मात ऐकलेला नसताना. तुम्ही घरी करून बघा. कागदावर काहीतरी काढा आणि म्हणा, हा टुबा. आता इथं आले दोन... ती 'टुबे' म्हणेल. कोण शिकवलंय तिला?

दुरुस्ती करून काही होत नाही हो. माझी भाची तीन वर्षांची असताना मी मोठ्या हौसेनं समजावत बसले, करलं नाही बाळा, केलं म्हण. ती म्हणाली, बरं, केलं. मग टाळ्या वाजवत, मी सगळं केलं करलं! तेव्हापासून मी नाद सोडला. ती 'मी करलं' म्हणाली की आपण 'हो का, तू केलंस होय' एवढं बोलून पुढं जायचं.

आता 'मी जातो'. ही चूकच नाही. ही कोल्हापूरची मराठी आहे आणि तुमच्या मुलीनं ती बिनचूक उचललीय. बाईनं 'मी जाते' म्हणायचं हा पुस्तकी मराठीचा नियम, पण त्याच पुस्तकी मराठीत 'मी जाईन' बाई-बाप्या दोघांनाही सारखं आणि 'आम्ही जातो' पण सारखंच, तिथं कुणाला काही खटकत नाही. आणि चार पावलं पलीकडं कन्नडमध्ये बाई असो नाहीतर बाप्या, 'मी जातो'ला 'होगुत्तेने' एवढंच. म्हणजे स्वतःबद्दल बोलताना मी बाई का बाप्या हे क्रियापदानं दरवेळी सांगितलंच पाहिजे असा काही जगाचा कायदा नाही.

शाळेत 'जाते' लागेल, ते ती शाळेत शिकेल आणि घरात 'जातो' म्हणेल, पोरांना असे दोन खण ठेवायला काही जड जात नाही. मी स्वतः कॉलेजात तीस वर्षं 'मी शिकवते' म्हणाले आणि घरी आईला फोन लावला की 'आलो गं'. नणंदेला सांगा, तुमच्या पुण्यात 'प्यायले' आणि आमच्यात 'पिलो', हसायचंच ठरवलं तर आम्हालाही येतंय.

इचलकरंजीहून एक वडील :
इंग्लिश पक्कं व्हावं म्हणून मुलीला आठ महिन्यांची असल्यापासून मोबाईलवर राईम्स लावतो. आता दोन वर्षांची झाली, चार-पाच शब्दच बोलते, ट्यून मात्र गुणगुणते. आई म्हणते, तिचा काका पण चार वर्षांनी बोलला, काळजी करू नका.

दादा, काकांचं राहू दे, आधी कान तपासून घ्या, आणि हे या आठवड्यात करा. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांला साधारण पन्नासेक शब्द आणि 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडून बोलणं, असा ढोबळ हिशोब असतो, मागंपुढं होतं, पण चार-पाच शब्द म्हणजे दाखवायला पाहिजे. ट्यून म्हणते म्हणजे ऐकू येतंय असं धरू नका. थोडंच ऐकू येणारं मूलसुद्धा दार आपटलं की वळून बघतं, त्यानं आईबाप फसतात. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून बेरा नावाची टेस्ट करतात, दुखत नाही काही. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीमला विचारलं तरी ते पुढं पाठवतात.

आता मोबाईल. २००३ मध्ये सिएटलला पॅट्रिशिया कूल यांच्या टीमनं नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवलं, बारा वेळा. काहींसमोर खरा माणूस बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलला, काहींना तेच टीव्हीवर, काहींना नुसता आवाज. माणसासमोर बसलेली बाळं चिनीतले आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही, जणू चिनी ऐकलंच नव्हतं. तोच मजकूर, तेवढाच वेळ. फरक एवढाच, की माणूस बाळ कुठं बघतंय ते बघून बोलतो, ते हसलं की थांबतो. स्क्रीन थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये सांगितलंय, वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन वर्षांपर्यंतही नको, पुढं चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर. इंग्लिश कुठं पळून जात नाही. आंघोळ घालताना, भाकरी थापताना, लूम बंद असताना, तिच्याशी बोला.

आणि तपासणीत ऐकू कमी येतं असं निघालंच तर एक लक्षात ठेवा, खुणांची भाषा ही पूर्ण भाषा असते, नुसते हातवारे नाहीत. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाच्या शेवटी मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. मास्तर ओठ वाचायला शिकवत होते, त्यात फारसं यश नव्हतं. पण मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये पोरांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून भाषाच तयार केली, आणि मागनं आलेल्या लहान पोरांनी तिला पक्कं व्याकरण दिलं. मोठ्यांनी शिकवलेली नाही, कुणाची नक्कल नाही.

पन्हाळा तालुक्यातून नववीतला एक विद्यार्थी :
जगात भाषा किती? सगळ्यात अवघड कुठली? ती शिकायला तिथल्या पोरांना जास्त वर्षं लागतात का?

शाब्बास, तिसरा प्रश्न भारी विचारलास. साधारण सात हजार भाषा. त्यातल्या आठशेच्या वर एकट्या पापुआ न्यू गिनीत, आणि तिथली लोकसंख्या आपल्या महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी. भारतात गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणानं ७८० मोजल्या. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून लिहून दिलेली नावं होती १९,५६९, आणि सरकारनं चाळून-निवडून दहा हजारांवर बोलणारे असलेल्या १२१ भाषा धरल्या. भाषा कुठं संपते आणि बोली कुठं सुरू होते हे चंदगडच्या माणसाला विचार, त्याच्या बोलण्यात मराठी किती, कोकणी किती आणि कन्नड किती हे त्यालाही सांगता यायचं नाही.

अवघड कुठली, हे तू कुठं उभा आहेस त्यावर. आपण वाईट वाटलं की जिभेनं च्च च्च करतो ना, आणि घोडा हाकताना गालातनं टक्क काढतो? आपल्यासाठी ते नुसते आवाज. दक्षिण आफ्रिकेत मंडेलांची मातृभाषा खोसा, तिच्यात ती अक्षरं आहेत, आपल्या क-ख सारखी, शब्दात बसतात. ऑस्ट्रेलियात गूगू यिमिथिर नावाची भाषा आहे (कांगारू हा शब्द तिच्यातनंच आला), तिथं वस्तू कुठं आहे ते डावीकडं-उजवीकडं असं सांगतच नाहीत, सगळं पूर्व-पश्चिम, तुझ्या उत्तरेच्या पायाला मुंगी चढलीय असं. विचित्र वाटलं? तुझे आजोबा 'उगवतीचा बांध' आणि 'मावळतीची ताल' म्हणतात ते काय आहे मग. तुर्की भाषेत स्वतः बघितलेलं आणि दुसऱ्याकडनं ऐकलेलं यासाठी क्रियापदाचा शेवटच बदलतो, आपण तिथं 'म्हणे' लावतो, 'पाऊस पडला म्हणे'.

आणि मराठी पण काही साधी नाही बरं का. आपण आणि आम्ही. 'आपण जत्रेला जाऊ' म्हणजे तू पण चल, 'आम्ही जत्रेला जाणार' म्हणजे तू नाहीस. इंग्लिशला दोन्हीला एकच शब्द. तीन वर्षांचं मराठी पोरगं हे अचूक वापरतं, खास करून धाकट्या भावाला वगळायचं असेल तेव्हा.

तुझा तिसरा प्रश्न. नाही, फार फरक पडत नाही. एखादी गोष्ट एका भाषेत लवकर येते, दुसरी उशिरा, तुर्की पोरं दोन वर्षांतच शब्दाच्या शेपट्या बरोबर लावायला लागतात, आपल्यात र आणि ळ ला वेळ लागतो. पण शाळेत जायच्या वयात सगळ्यांना आपापली भाषा येते, आणि जन्मलेलं कुठलंही पोर कुठल्याही घरात ठेव, त्या घरची भाषा बोलेल.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे, बोलणारे दोनेक हजार, आणि तिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. ना मराठीशी, ना कन्नडशी, ना शेजारच्या कोरकूशी, कोरकूचे शब्द मात्र भरपूर घेतलेत. अंदमानात बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेल्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय. पण भाषा त्या दिवशी मेली नाही, ती त्याच्या कितीतरी आधी मेली होती, ज्या दिवशी शेवटच्या पोराशी कुणीतरी त्या भाषेत बोलायचं थांबलं.

कागलहून एक आजी :
नातवाशी मी 'भूर जायचं का, मंमं खायचं का, गाई कर' असं बोबडं बोलतो. सून म्हणते, असं बोलू नका, तो बोबडाच राहील. खरं काय?

आजी, बोला. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतली बाळबोली तपासली, सीरियातली अरबी, रशियाच्या पूर्व टोकाची गिल्याक, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कोमांची, इंग्लिश, स्पॅनिश आणि सहावी आपली मराठी. सगळीकडं मोठी माणसं बाळाशी बोलताना शब्द सोपे करतात, अक्षरं दुप्पट करतात, सूर वर नेतात. आपल्या अशोक केळकरांनी तर त्याच वर्षी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिलाय, म्हणजे तुमचं भूर आणि मंमं हे संशोधनाचे विषय आहेत. असं लाडात बोलल्यानं कुणी बोबडं राहत नाही, बाळं त्या वरच्या सुराकडं उलट जास्त लक्ष देतात.

सुनेच्या बाजूनंही थोडं सांगते, नाहीतर पुढच्या अंकाला तिचं पत्र येईल. न्यू गिनीतले कालुली लोक बाळाशी असं बोलतच नाहीत, त्यांना ते चुकीचं वाटतं, पोरानं नीट भाषा ऐकली पाहिजे म्हणतात. त्यांची पोरंही व्यवस्थित बोलतात. तेव्हा तुम्ही मंमं म्हणा, तिला जेवण म्हणू दे. अंक तिच्या हाताला लागेल असा टेबलावर ठेवा, आपण दिला म्हणून सांगू नका.